आतली कडी

सांगलीच्या घराचं पुढचं दार पावसाळा आला की फुगतं आणि चौकटीत अडकून बसतं. म्हणून मे महिन्यातच सुताराला बोलावलं. तो येतोच आहे तर दाराला नवं लॅचही बसवून घ्यायचं ठरलं. ही कल्पना भावाची. एक किल्ली आईकडे, एक माझ्याकडे पुण्यात आणि एक समोरच्या काकूंकडे. रात्री-अपरात्री काही झालं तर काकूंना आत येता यावं. सुताराने दार उतरवलं, कडांवर रंधा मारला, लॅच बसवलं, किल्ली फिरवून दाखवली. मग दाराची आतली बाजू निरखत त्याने विचारलं, "आज्जी रातच्याला आतनं कडी घालत्यात न्हवं?" घालते की, मी म्हटलं. वरची कडी, खालचा बोल्ट आणि मधे अडसर. "मग काकू त्या किल्लीचं करणार काय?"

विचारण्यात खोच अजिबात नव्हती. पैसे घेऊन, भुसा झाडून, पिशवी सायकलला अडकवून तो पुढच्या कामाला निघूनही गेला. मी तिसरी किल्ली घेऊन दारात उभी. आई आतून म्हणाली, "गेला का? चहा टाकला होता त्याच्यासाठी."

आईचा दारं लावायचा कार्यक्रम रात्री नऊच्या बातम्यांनंतर सुरू होतो. आधी मागचं परसातलं दार, मग मोरीची खिडकी, मग गॅसचं बटण, आणि शेवटी पुढचं दार. अडसर सागवानी आहे, आजोबांच्या वेळचा. भिंतीतल्या खोबणीतून तो ओढून काढताना घर्र आवाज येतो आणि पलीकडच्या खोबणीत बसला की ठक्. मधोमध, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला आहे, तिथे तो काळा आणि गुळगुळीत झाला आहे. वरची कडी मात्र आईला आता पुरत नाही. उंची कमी झाली की खांदा वर जाईना झाला, कोण जाणे. ती डावा तळवा भिंतीला टेकवते, टाचा उचलते आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी कडी सरकवते. ऐंशीला टेकलेलं, साखर आणि गुडघे सांभाळणारं माणूस घर सुरक्षित करण्यासाठी रोज रात्री चवड्यांवर उभं राहतं. हे मी कित्येकदा पाहिलं होतं. आता ते बघवेना.

"कडी नको घालत जाऊस" म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला दार उघडं टाकून झोपायला सांगत होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यातलं ओढल्याच्या, तोंड दाबून कपाट फोडल्याच्या बातम्या ती पेपरात वाचते आणि मला फोनवर वाचून दाखवते. मी म्हटलं, अगं, चोर काय रोज येतो का? ती म्हणाली, "मग मी तरी रोज कुठे पडते?"

याला उत्तर नाही. माझी भीती एक, तिची दुसरी. माझ्या भीतीत ती न्हाणीघरात फरशीवर पडलेली असते आणि काकू बाहेरून दार वाजवत असतात. तिच्या भीतीत ती अंथरुणावर असते आणि कडी काढलेली असते. माझ्या भीतीवर उतारा म्हणून कडी काढावी, तर तिची भीती जागी होते. आणि त्या घरात रात्र काढायची असते तिला.

भाऊ ह्यूस्टनला असतो. तिथे 2017च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळाचं पाणी शहरात भरलं, तेव्हापासून त्याला तयारीचं वेड लागलंय. त्याच्या गॅरेजमध्ये तीन दिवसांची बॅग कायम भरलेली असते. तशी यादी त्याने आईसाठीही पाठवली होती. माणशी रोज एक गॅलन पाणी, डबाबंद अन्न, डबा उघडायचं यंत्र, शिट्टी, हातमोजे. आईने यादी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि विचारलं, "डबाबंद म्हणजे काय भरायचं, लोणचं?" त्याची यादी चुकीची नव्हती. पण ती ज्या घरासाठी लिहिली होती त्या घरात दुसऱ्या मजल्यावर चढवलेलं तांदळाचं पिंप नसतं, आणि पुराला फुटांत मोजणारी माणसंही नसतात.

सांगलीत पूर फुटांत मोजतात. पाऊस किती पडला हे कोणी विचारत नाही. आयर्विनला किती झालं, कोयनेतून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय म्हणतंय, एवढंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. कोणत्या फुटाला कोण हलतं हेही ठरलेलं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर आधी. गावभागातली माणसं तेव्हा दारात उभी राहून त्यांच्याबद्दल हळहळतात आणि आपल्या पायऱ्या मोजतात. आमच्या आईच्या मेंदूत 2005चा पूर पायऱ्यांच्या भाषेत कोरलेला होता. "तेव्हा तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं." म्हणून 2019च्या ऑगस्टमध्ये मंडळाची पोरं सांगायला आली तेव्हा ती हलायला तयारच नव्हती. तिचा अनुभव तिला सांगत होता की पाणी तिसऱ्या पायरीवर थांबतं. तरण्या भाडेकरूला असा कुठलाच अनुभव नव्हता, तो पहिल्याच सांगण्याला स्कूटर काढून विश्रामबागेला गेला. मला आजही वाटतं की पुरात म्हाताऱ्या माणसांना हट्टी म्हणतात ते अर्धंच खरं आहे. त्यांनी एक पूर पाहिलेला असतो, आणि पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा की रिक्षावरच्या भोंग्यावर, हा प्रश्न त्यांना पडतो. आम्हाला पडत नाही, कारण आमच्याकडे भोंगाच असतो.

त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पायऱ्या, उंबरा, देवघराचा ओटा, सगळं बुडालं.

आईला बाहेर काढलं ते पोरांनी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. चौघांनी खुर्चीचे पाय धरले, गुडघाभर पाण्यातून बोळ ओलांडला आणि कोपऱ्यावर थांबलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती खुर्ची तिच्यासकट चढवली. खुर्ची लग्नाच्या हॉलमधली, बिनहातांची. "धरायला काही नव्हतं गं," हे ती अजून सांगते. "पोरं बिचारी चांगली. पण मी आपली पदर धरून बसले होते. पदराला धरून कोण वाचतं?" दोनच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. 8 ऑगस्टची ती बातमी तिने मिरजेला मावशीकडे टीव्हीवर पाहिली आणि नंतर कितीतरी दिवस ती बोटीचं नाव काढू देत नव्हती. मी पुण्यात होते. महामार्ग बंद, सांगलीतले फोन बंद, आणि मावशीचा लँडलाइन तेवढा चालू. त्या लँडलाइनवर मावशी प्रत्येक वेळी आधी जेवणाचं सांगायची आणि मग आईला फोन द्यायची.

दोन वर्षांनी, 2021च्या जुलैत, पाणी पुन्हा चढायला लागलं. या खेपेला आई चाळीस फुटांवरच तयार होऊन बसली होती. मीही आदल्या संध्याकाळीच पोहोचले होते. तिने पिशवी स्वतः भरली होती, मी फक्त उचलायची. उचलली तर हलेना. उघडून बघते तो वर दोन साड्या, खाली पासबुकं, बाबांचा एक फोटो, मऊ फडक्यात गुंडाळलेला बाळकृष्ण आणि तळाशी ॲल्युमिनियमचा मोठा डबा. डब्यात वर्षाचं तिखट. मे महिन्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण भाजून, मसाला घालून डंकावर कांडून आणलेलं. रोजच्या गोळ्या फ्रिजवरच्या वाटीत तशाच होत्या. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात. दुसरा चष्मा टीव्हीपाशी.

माझा आवाज चढला. ती शांतपणे म्हणाली, "गेल्या पुरात शाळेत डॉक्टर आले होते, गोळ्या फुकट वाटत होते. बीपीच्या, साखरेच्या, सगळ्या. तिखट कोणी वाटलं का?" खरं होतं. तिला मावशीकडे नेण्याआधी पहिली रात्र शाळेत काढावी लागली होती. तिथे खिचडी यायची, बिस्किटांचे पुडे यायचे, पाण्याच्या बाटल्या यायच्या. पूर ओसरल्यावर गावभागातली अर्धी घरं वर्षाच्या साठ्याला मुकली होती आणि सहा महिने विकतच्या पुड्यांवर काढत होती. चिखल उपसताना तिला सगळ्यात जास्त रडू आलं ते भिजून काळ्या पडलेल्या तिखटाच्या बरणीपाशी. मी तिला औषधांचं महत्त्व पटवत होते, ती मला सांगत होती की औषध सरकार देतं, तिखट घरचंच लागतं.

पण गोळ्यांच्या बाबतीत तिचं चूकच होतं आणि ते मी सोडलं नाही. शिबिरात मिळणारी बीपीची गोळी आपलीच असेल असं नाही. काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर धडधड वाढते, दाब उसळतो. रक्त पातळ करणारी गोळी कोणी अंदाजाने देऊ शकत नाही. म्हणून आता बाळकृष्णाच्या फडक्याशेजारी एक चपटी डबी असते. दोन आठवड्यांच्या गोळ्या, दर एकादशीला जुन्या काढून नव्या भरायच्या. एकादशी आईने सुचवली. महिन्याची एक तारीख तिच्या लक्षात राहत नाही, एकादशी राहते. इन्सुलिनचं आम्ही डॉक्टरांना विचारून घेतलं. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, पण वापरात काढलेलं बहुतेक पेन घरातल्या गार जागी चारेक आठवडे टिकतं. वीज गेली म्हणून बर्फात खुपसायचं नाही, गोठलं की वाया गेलं. वीज येईपर्यंत न उघडलेली पेनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या आधाराने ठेवायची. हे ऐकून आई खूश. माठ काढून टाका, फिल्टर बसवलाय ना, असं मीच तिला सांगत असे.

खरं म्हणजे तयारी हा शब्द आपण तिला शिकवावा अशी तिची परिस्थिती नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती कऱ्हाडला माहेरी होती, लग्न ठरायचं होतं. भांडी फळीवरून एकामागून एक खाली आली. अंधारात सगळे अनवाणी धावले आणि काचेच्या बरणीचा तुकडा तिच्या टाचेत घुसला. पुढे कित्येक रात्री माणसं थंडीत अंगणात, मैदानात झोपली. तेव्हापासून आजतागायत तिच्या खाटेखाली, उजव्या बाजूला, चपला असतात. बाहेरच्या नाहीत, घरातल्या वेगळ्या. उशीखाली टॉर्च. आम्ही लहानपणी तिची थट्टा करायचो. भूकंप झाला तर खाटेजवळ पायताण आणि उजेड ठेवा, हे सल्ले मी खूप नंतर कुठल्याशा पत्रकात वाचले.

पडण्याचं मात्र तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे पडू नये म्हणून ती जपते, न्हाणीघरात दांडा बसवून घेतलाय, ओल्या फरशीवर पोतं टाकते. पण पडल्यावर काय, हा विषय काढला की "शुभ बोल गं." मिरजेच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने तो काढला. गुडघ्याच्या व्यायामासाठी ती घरी यायची. एक दिवस तिने सतरंजी अंथरली आणि म्हणाली, "आजी, आज आपण पडायचं." आई हसायला लागली. मग खरंच सतरंजीवर आडवी झाली आणि उठता येईना तेव्हा हसू थांबलं. चेहरा घाबरल्यासारखा. मुलगी शेजारी मांडी घालून बसली. तिने हात दिला नाही. "लगेच उठायचं नाही. आधी श्वास. आता पाय हलवून बघा, कंबर बघा. जांघेत कळ आली, पाय वळलेला दिसला तर उठायचंच नाही. दुखत नसेल तर कुशीवर वळा. आता कोपर. आता तळवा." आई वळली. पातळ गुडघ्यात अडकलं, ते सोडवलं. कोपरावर आली, मग दोन्ही हातांवर, मग रांगत, हो, रांगत, खाटेपर्यंत. चांगला गुडघा पुढे घेऊन पाऊल टेकलं, खाटेच्या कडेला दोन्ही हात रोवले, एक हुंकार दिला आणि वळून बसली. कपाळावर घाम. "देवा," म्हणाली, "एवढ्याशा खोलीत केवढं लांब असतं सगळं."

त्या मुलीने नंतर मला बाजूला सांगितलं की पडल्याने जेवढं मोडतं त्याहून कधीकधी पडून राहिल्याने बिघडतं. तासन्‌तास एका कुशीवर राहिलं की कातडी जाते, दबलेले स्नायू फुटून त्यांचं विष मूत्रपिंडांवर येतं, पाणी नाही, लघवीची लाज, थंडी. म्हणून जमिनीवरून हाताला लागेल अशा जागी पाण्याची बाटली आणि एक शाल ठेवा. आता खाटेखाली चपलांच्या शेजारी त्या दोन वस्तू आहेत. शिट्टी आईने नाकारली, "मी काय ट्रॅफिक हवालदार?" त्याऐवजी खाटेच्या खुराला एक जुनं स्टीलचं ताट टेकवून ठेवलंय आणि आत पळी. काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत आवाज जातो, हे दोघींनी वाजवून पाहिलं. दुपारची वेळ होती. बोळातली चार माणसं धावत आली.

फोनचं प्रकरण वेगळंच. तिच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये नंबर भरणं सोपं. पण ॲम्ब्युलन्सला पत्ता काय सांगशील, हे मी एकदा सहज विचारलं. तिने बिनचूक सांगितलं, अमक्या टॉकीजच्या बोळात, डाव्या हाताला, पिठाच्या गिरणीनंतर. टॉकीज पाडून किती वर्षं झाली. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय. जुन्या माणसांचे पत्ते असेच असतात, नाहीशा झालेल्या वस्तूंच्या खुणांनी भरलेले. टपालवाल्याला ते कळतात. महाराष्ट्रात 108ची गाडी 2014 साली सुरू झाली. तिचा पंचविशीतला चालक त्या टॉकीजचं नाव ऐकूनही नसणार. मग आम्ही कालनिर्णयच्या मागच्या बाजूला जाड मार्करने चार ओळी लिहिल्या. मोबाइलच्या दुकानाचं नाव, त्याशेजारचं एटीएम, बोळात गाडी शिरत नाही म्हणून कुठे थांबायचं, आणि काकूंचा नंबर. खाली: दवाखान्याची गाडी 108, पोलीस किंवा आग 112, पुराचं काही असेल तर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष 1077. ज्येष्ठांसाठीचा 14567 हाही लिहिला, पण त्याच्यापुढे "सकाळी 8 ते रात्री 8, घाईचं नसेल तर" असं. पेन्शनचं अडलं, कोणी घरातून हुसकावतंय, नुसतं विचारायचंय, यासाठी तो ठीक. छातीत कळ आल्यावर तो लावून बसू नये. आईने ते सगळं मोठ्याने वाचलं. डिसेंबरात कॅलेंडर बदलेल तेव्हा हे पान कापून ठेव म्हणाली.

मग कडी. सुताराला पुन्हा बोलावलं, या वेळी चहा आधी. मी आणि तो दाराशी उभे राहून तोडगे काढत होतो. साखळी लावा, बाहेरूनही उघडेल असा बोल्ट बसवा, अडसर काढून टाका. आई मागून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पुढचं दार माझं राहू दे. मागचं तुम्ही घ्या." मागचं परसातलं दार काकूंच्या बाजूच्या बोळात उघडतं. त्याला आतून कडी-कोयंडा काही ठेवायचा नाही, फक्त लॅच. बाहेरून लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. चोराला दोन कुलपं, काकूंना दोन किल्ल्या. पुढच्या दाराला कडी, बोल्ट, अडसर, सगळं तसंच. फक्त वरची कडी उतरवून छातीच्या उंचीवर बसवली, म्हणजे चवड्यांवर उभं राहायला नको. न्हाणीघराचं दार आत उघडत होतं. माणूस आत दाराशी पडलं तर ते ढकलताच येत नाही, हे सुतारानेच दाखवलं, आणि बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं करून दिलं. तिथली कडी काढायला आईने साफ नकार दिला. एकटी असली तरी दार लोटून अंघोळ करणं तिला जमणार नाही. मग बाहेरून चपट्या नाण्याने फिरवता येईल अशी कडी मिळाली. त्या नाण्याची जागा फक्त काकूंना माहीत.

काकूंना किल्ल्या द्यायला गेले तेव्हा कळलं की दोघींचं आपसात केव्हाचंच ठरलेलं आहे. आईच्या दाराच्या खिळ्याला सकाळी सहाला दुधाची पिशवी अडकते. साडेसातलाही ती तिथेच दिसली तर काकू हाक मारतात. काकूंचं वय सत्तरीच्या पुढे, घरात आजारी नवरा. त्यांच्या दारात आठपर्यंत रांगोळी पडली नाही तर आई जाते. आम्हा मुलांना याचा पत्ता नव्हता. काकूंचा मुलगा बंगळुरात कॅमेरे बसवायचं म्हणत होता, माझा भाऊ ह्यूस्टनमधून मनगटावरचं घड्याळ पाठवणार होता. पाठवू दे. पण पिशवीवर आणि रांगोळीवर डोळा ठेवणारं कोणीतरी हवंच, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. अर्थात यात एक अडचण आहे आणि ती दोघींनाही कळते. पहारा देणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्याच आहेत. पूर आला तर दोघींनाही एकाच वेळी उचलावं लागेल.

दिवाळीत आई पुण्याला आली. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, दोन्ही गुडघे बदललेले, वॉकर घेऊन घरभर हिंडतात पण एक पायरी उतरायची म्हणजे सोहळा. दोघी गॅलरीत बसून फटाके बघत होत्या. कुणाच्या तरी रॉकेटने समोरच्या इमारतीच्या डक्टमध्ये ठिणगी गेली, धूर निघाला, खाली पळापळ झाली, दहा मिनिटांत विझलंही. आई गॅलरीतून आत आली आणि मला विचारलं, "आग लागली की लिफ्ट वापरत नाहीत ना?" नाही. "मग यांना कसं उतरवणार?"

सांगलीचं दार, सांगलीची कडी, सांगलीचं ताट-पळी, सगळं करून झालं होतं. नऊ मजल्यांचा जिना कोणाच्याच यादीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आणि वॉचमन रिफ्यूज एरिया बघायला गेलो. आगीच्या वेळी ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांनी थांबायचं ती वरच्या मजल्यावरची उघडी जागा. त्यात चार मोडक्या सायकली, कोणाचा तरी सोफा, गणपतीच्या मांडवाचे वासे आणि रंगाचे डबे. अग्निशमनाची यंत्रणा ठीक आहे असा दाखला सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, आणि आमची सोसायटी तो देते. पंप, नळ्या, सगळं चालू आहे. सोफ्याबद्दल दाखल्यात रकाना नाही. सेक्रेटरी म्हणाले, विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. मी म्हटलं, सायकली आजच हलवू. त्यांनाही आई आहे, सहाव्या मजल्यावर. संध्याकाळी सायकली हलल्या. सोफ्याचा मालक अजून सापडायचा आहे.

राहता राहिली उतरवायची गोष्ट. बी विंगमधली जिमला जाणारी तीन पोरं तयार झाली. रविवारी सकाळी एक मजला उतरवून बघू, म्हणजे अंदाज येईल. मी हॉलमधली डायनिंगची खुर्ची पुढे केली. सासूबाईंनी वॉकर थांबवला आणि आईकडे पाहिलं. दोघींचं आदल्या रात्री बरंच बोलणं झालेलं दिसत होतं.

"ही नको," सासूबाई म्हणाल्या. "हातवाली आणा. आणि पोरांनो, मला पाठमोरी नका नेऊ. कुठे चाललेय ते मला दिसलं पाहिजे."